स्टेपनीची साक्ष

१

पिकअप उतारावरच्या वळणात कुशीवर आडवी झाली होती आणि तिच्यातले बावीस दरवाजे पत्त्यांच्या डावासारखे रस्ताभर पसरले होते. मागच्या डाव्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या. ड्रायव्हरचा जीव वाचला, पण हात मोडला. हे झालं काल दुपारी. आज सकाळी क्रेननं गाडी कारखान्याच्या अंगणात आणून उभी केली होती. सगळा कारखाना हातातलं काम टाकून तिच्याभोवती गोळा झाला होता, जणू आतून कुणी तरी उतरून घडलेलं सांगणारच होतं.

बोलत मात्र एकटे मालक होते.

"टायर कुणी बदलायला लावले? हिनं. हवा किती भरायची ते कुणी ठरवलं? हिनं. अगं, टायर फुटतो कशानं? हवा जास्त झाली की फुटतो. पोरासोरांच्या फुग्याचंसुद्धा तेच होतं!"

'ही' म्हणजे त्यांची मुलगी. घरात तिला ठकी म्हणत, कारखान्यात ताई. यंत्रांचं शिकून आली होती आणि गाडीचं सगळं काम वर्षभरापूर्वी तिनं बापाकडून भांडून मागून घेतलं होतं. ती हाताची घडी घालून उभी होती. डोळे कोरडे होते, पण ओठ दाताखाली होता.

"बाबा, मागच्या चाकांत मी पंचावन्न पौंड हवा ठेवली होती. पंचावन्नला हा टायर फुटत नाही."

"टायरवर ऐंशी लिहिलंय! मी वाचलं. तू ऐंशी भरली असणार."

"ऐंशी ही त्याची शेवटची मर्यादा आहे. तेवढी भरा असं ते सांगत नाहीत."

"पुरे झालं तुझं पुस्तक. आज चार वाजता वाहतूकवाला येतोय. गाडी, डिलिव्हरी, सगळं त्याच्या हवाली करणार. तू उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकायचं नाहीस. एक माणूस मरता मरता वाचलाय, कळतंय का तुला?"

हे शेवटचं वाक्य ठकीला लागलं. तिनं मान खाली घातली.

तेवढ्यात मागून काठी फरशीवर आपटली.

"बाळ," मोठ्याबाई म्हणाल्या, "ओरडून झालं असेल तर बाजूला हो. मला टायर बघायचाय."

२

मोठ्याबाई म्हणजे मालकांची आई. हा कारखाना नवऱ्याच्या माघारी त्यांनी दोन करवतींवरून इथवर आणला होता. शाळा त्यांनी जेमतेम तीन यत्ता पाहिली. पण लाकडावर नुसता हात फिरवून ते ओलं की सुकं हे सांगत, आणि माणसाच्या तोंडाकडे बघून तो खरा की खोटा हेही. त्यांच्या जिभेला सगळे टरकून असत. त्यांनाही ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. महिन्याभरापूर्वीचीच गोष्ट. त्या याच पिकअपमधून बहिणीकडे गेल्या. जाताना गाडीनं त्यांची पाठ अशी आदळली की उतरल्या उतरल्या त्यांनी ड्रायव्हरला फाडून खाल्लं. "पुन्हा अशी चालवलीस तर चावी काढून घेईन आणि रंधा मारायला बसवीन!" दोन दिवसांनी परत येताना गाडी कशी पाळण्यासारखी आली. माणसाला वेळेवर झापलं की तो सुधारतो, हे त्या तेव्हापासून चारचौघांत दाखला देऊन सांगत होत्या.

तर आता मोठ्याबाईंनी खुर्ची मागवली, फुटलेला टायर समोर ठेवायला लावला आणि त्याच्या पोटात हात घातला. हात बाहेर आला तो काळा.

"ठकी, हे काजळ कसलं?"

ठकी वाकली. बोटावर भुकटी घेऊन तिनं चोळली आणि तिचे डोळे मोठे झाले. "आजी, हे रबर आहे. आतून दळलं गेलंय."

"आणि हे बघ." मोठ्याबाईंनी टायरच्या बाजूवरून बोट फिरवलं. "इथं घडी पडलीये. एका जागी नाही, अख्ख्या गोलाईला. सतत दुमडून दुमडून कापड विरतं ना, तसं. बाळ, तुझा तो फुगा हवा जास्त झाल्यावर असा घडीवर विरतो का रे?"

मालकांनी वाकून ती घडी बघितली.

"तट्ट फुगलेल्या उशीला घडी पडत नाही. पडते ती अर्धवट भरलेल्या उशीला. म्हणजे या टायरमध्ये हवा जास्त नव्हती, कमी होती. वजनाखाली बिचारा पोट दुमडत पळत होता. तापला, आतून दळला गेला, आणि काल त्याचा जीव गेला."

"मग आणखीच वाईट!" मालक उसळले. "म्हणजे हिनं कमी भरली!"

ठकीचा चेहरा पांढराफटक पडला.

३

मोठ्याबाईंनी काळा झालेला हात पुसला. मग म्हणाल्या, "मेलेल्या टायरला जे विचारायचं ते विचारून झालं. गाडीला जिवंत चाकं किती आहेत?"

"तीन," कारखान्याचा सुतार मिस्त्री म्हणाला.

"मग त्या तिघांना विचारा की. ठकी, आण तुझं ते हवा मोजायचं यंत्र. गाडी कालपासून पळालेली नाही ना?"

"हो आजी, टायर गार आहेत. गारच मोजायची असते. पळून आलेल्या टायरची हवा तापून फुगलेली असते, आकडा फसवा येतो."

गेज लागलं. पुढचं डावं चाक: पस्तीस. पुढचं उजवं: पस्तीस. मागचं उजवं: पस्तीस.

"मी पुढं चाळीस ठेवली होती," ठकी पुटपुटली. "मागं पंचावन्न."

"असं तू म्हणतेस," मालक म्हणाले. "पुरावा काय?"

मोठ्याबाईंनी काठीनं गाडीच्या पोटाखाली दाखवलं. तिथं स्टेपनी टांगलेली होती. धुळीनं माखलेली, पाचही टायर घेतले त्या दिवसापासून कुणी हात न लावलेली.

"ही पण त्याच दिवशी भरलीस ना?"

ठकी आडवी होऊन गाडीखाली शिरली. आतून तिचा आवाज आला, आणि त्यात रडू होतं की हसू ते कुणाला कळेना.

"चौपन्न!"

"एक पौंड दोन महिन्यांत स्टेपनीनं खाल्ला असेल, तो तिला माफ," मोठ्याबाई म्हणाल्या. "म्हणजे पोरगी खरं बोलतेय. भरली होती पंचावन्नच. आता ऐका. टायर आपोआप गळले असते तर एकात तीस निघाली असती, एकात बेचाळीस. गळती काही ठरवून होत नाही. कुणी वाईट मनानं केलं असतं तर एकाच चाकाची हवा सोडून पळाला असता. इथं मात्र प्रत्येक चाकात मोजून मापून पस्तीस. हे वैऱ्याचं काम नाही. कुणीतरी बसून, नीट, मन लावून केलंय."

"पण पस्तीसच का?" मिस्त्रीनं विचारलं.

ठकीनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आतल्या कडेला कंपनीचा छापील कागद चिकटवलेला होता. त्यावर टायरचं माप आणि पुढं आकडा: पस्तीस.

"हा आकडा कंपनीनं दिलेल्या जुन्या टायरांचा आहे," ती म्हणाली. "ते पातळ होते. आपण घेतले ते जाड, मालवाहू. दिसायला दणकट, पण तेवढंच ओझं उचलायला त्यांना हवा जास्त लागते. कुठल्या वजनाला किती, त्याचा टायर कंपनीचा तक्ता असतो. मी गाडी भरून काट्यावर नेली, पुढच्या चाकांवर किती येतं, मागच्यांवर किती, ते बघितलं आणि तक्त्यावरून आकडे काढले. दारावरचा कागद या टायरांना लागूच नाही. टायरवरची ऐंशीही नाही."

"आणि हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला. ड्रायव्हरकाकांना. टायरवाल्याला."

मोठ्याबाई खुर्चीवरून उठल्या. "चला. फुग्याकडे."

४

टायरवाल्याला सगळे फुग्या म्हणत, ते त्याच्या धंद्यामुळे नव्हे, गालांमुळे. मोठ्याबाई दुकानाच्या दारात दिसल्या आणि त्या गालांतली हवा गेली.

"या, या, बसा मोठ्याबाई. चहा मागवू?"

"चहा राहू दे. आमच्या पिकअपची हवा तू पस्तीस केलीस."

त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. फुग्या पान्ह्याशी खेळू लागला.

"मी कशाला करू? गिऱ्हाईक म्हणेल तेवढी भरतो, म्हणेल तेवढी सोडतो. आपलं काय जातंय."

"म्हणजे केलीस."

"अं... कंपनीनं दारावर पस्तीस लिहिलंय, मोठ्याबाई. एवढी मोठी कंपनी खोटं लिहील का?"

"खोटं नाही लिहिलं, दुसऱ्या टायरांचं लिहिलंय. नवऱ्या मुलाच्या मापाचा सदरा सासऱ्याला घातला तर बटणं तुटणारच ना रे? पण ते जाऊ दे. ठकीनं तुला पंचावन्न सांगितलेली. मग सोडायला कुणी सांगितलं?"

फुग्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा काठीकडे, आणि मग छताकडे.

"ते मला नाही सांगता यायचं."

"का? जीभ गहाण टाकलीस?"

"दुसरं काही पण विचारा. कोंबडा करून उभा करा. पण हे नका विचारू." आणि तो माणूस, आपल्याच दुकानातून, मागच्या दारानं चक्क पळून गेला.

मोठ्याबाई बघतच राहिल्या. लोक त्यांना घाबरत हे त्यांना नवं नव्हतं. पण हा नुसता घाबरला नव्हता. त्याला त्यांची कीव आली होती, असं का कोण जाणे त्यांना वाटून गेलं.

५

मिस्त्री सापडला तो रंधा मारताना. ठकीनं गाडीत एका वेळी बावीसच दरवाजे भरायचे असा नियम केल्यापासून त्याचं तोंड वाकडं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"काल किती भरलेस?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"बावीस. मोजून. रस्त्यावरचे गोळा करून आणलेत, तुम्ही पण मोजा. माझं ताईंशी पटत नाही, ते तोंडावर आहे. पाठीमागं मी काही करत नाही."

मोठ्याबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. खरं होतं.

"तुला गाडीत काही वेगळं दिसलं होतं?"

"दिसलं. माल भरला की मागची चाकं बसल्यासारखी वाटायची. मी ड्रायव्हरला म्हटलंही, अरे हवा बघ. तर म्हणतो, बघितली, बरोबर आहे, आता कशी गाडी मऊ चालते."

ठकी दारात उभी होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मीही विचारायची. त्या नव्या इमारतीत दरवाजे बसवायला महिनाभर मी तिकडेच होते ना. दर सोमवारी फोन करायचे, काका, हवा बरोबर आहे? ते म्हणायचे, एकदम बरोबर आहे ताई. आकडा मी विचारला नाही, आजी. ती माझी चूक."

"रडू नको. चूक पुढं मोजू." मोठ्याबाई मिस्त्रीकडे वळल्या. "हे मऊ चालणं कधीपासून रे?"

मिस्त्रीनं रंधा खाली ठेवला. बोटांवर काहीतरी मोजलं. मग एकदम त्याचं मोजणं थांबलं, त्यानं मोठ्याबाईंकडे बघितलं आणि पटकन नजर फिरवली.

"आठवत नाही," तो म्हणाला.

आज पहिल्यांदाच तो खोटं बोलला होता.

६

ड्रायव्हर घरी खाटेवर बसला होता. हात गळ्यात, कपाळावर पट्टी. मोठ्याबाईंना बघून उठू लागला.

"बस. दोघांनी माझ्यापासून एक नाव लपवलंय. फुग्या पळाला, मिस्त्रीनं तोंड फिरवलं. राहिलास तू. हवा सोडायला कुणी सांगितलं?"

"मीच सोडली. माझ्या मनानं. ताईंचा काही दोष नाही, मालकांना सांगा. मला काढून टाका."

"तुझ्या मनानं तू चप्पलसुद्धा बदलत नाहीस. सतरा वर्षं बघतेय तुला. पोरीनं सांगितलेला आकडा तू पाठ केला होतास. तो मोडायचा म्हणजे तिच्यापेक्षा मोठं कुणीतरी पाहिजे. मालकांनी सांगितलं?"

"नाही."

"मग?"

ड्रायव्हर जमिनीकडे बघत राहिला. त्याची बायको चुलीपाशी उभी होती. तिला राहवेना. "सांगा की हो! हात मोडून बसलात, अजून कुणाची भीती?"

तेव्हा त्यानं मान वर केली आणि सांगितलं.

मोठ्याबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदाच एकही शब्द न बोलता कुणाच्या तरी घरातून बाहेर पडल्या.

७

चार वाजता वाहतूकवाला कागद घेऊन हजर झाला. मालकांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांब," मोठ्याबाई म्हणाल्या. "सगळ्यांना बोलव. करवती बंद कर. फुग्यालाही आणलंय मी, तो मिस्त्रीमागं लपलाय."

करवती थांबल्या. एवढी शांतता त्या अंगणात दिवसाउजेडी कधी पडत नसे.

"टायर हवा कमी म्हणून फुटला, ते सकाळी बघितलंत. पोरीनं बरोबर भरली होती, ते स्टेपनीनं सांगितलं. सोडली फुग्यानं, ड्रायव्हरच्या सांगण्यावरून. आणि ड्रायव्हरला भाग पाडलं ते या कारखान्यातल्या सगळ्यांत शहाण्या माणसानं."

मालक म्हणाले, "कोण?"

"मी."

फुग्या मिस्त्रीच्या आणखी मागं सरकला.

"महिन्याभरापूर्वी मी बहिणीकडे गेले. गाडीत माल नव्हता, मी एकटी. पंचावन्न हवेवर रिकामी गाडी उडते, पाठीला लागते. ड्रायव्हर मला सांगू शकला असता, की मोठ्याबाई, हे ओझ्यासाठी आहे. पण मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, पुन्हा आदळली तर चावी काढून घेईन. त्या बिचाऱ्यानं फुग्याकडे जाऊन दारावरचा आकडा करून घेतला. रिकाम्या गाडीला तो चाललाही. परत येताना मी त्याला शाबासकी दिली, गावभर सांगत फिरले. मग तो हवा पुन्हा वाढवेल कसा? मी कधी गाडीत बसेन याचा नेम नाही. ताई फोनवर विचारते, हवा बरोबर आहे का? तो म्हणतो, बरोबर आहे. मोठ्याबाईंना आवडली म्हणजे बरोबरच असणार, नाही का!"

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"फुग्याला माहीत होतं. मिस्त्रीला आज दुपारी उमगलं. पण माझ्या तोंडावर सांगायची एकाची छाती झाली नाही. माझ्या जिभेचा मला फार तोरा होता. त्या जिभेपायी एक माणूस काल मेला असता आणि एक पोर आज घरी बसली असती."

"आई, जाऊ दे," मालक कसेबसे म्हणाले. "घरातली गोष्ट आहे, चारचौघांत कशाला..."

"तू हिला चारचौघांतच बोललास. आता तेवढ्याच मोठ्यानं मागं घे."

मालकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "ठकी... माझं चुकलं," ते म्हणाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. वाहतूकवाल्यानं आपले कागद आपणच गोळा केले.

ठकी पुढं आली. डोळे पुसून झाले होते.

"ड्रायव्हरकाकांना बरे होईपर्यंत पूर्ण पगार. आणि मी गाडी बघायची असेल तर माझी एक अट आहे," ती म्हणाली. "हवेला हात लावायचा तर मला विचारून. बाबांनी, काकांनी." ती आजीकडे वळली. "आणि आजी, तुम्हीसुद्धा."

मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. फुग्या दाराचा अंदाज घेऊ लागला. मोठ्याबाईंना अट घालणारं माणूस त्या अंगणात आजवर उभं राहिलं नव्हतं.

मोठ्याबाईंनी नातीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"विचारीन," त्या म्हणाल्या. "आताच विचारते. माल भरून निघायचं तर किती?"

"पुढं चाळीस, मागं पंचावन्न. सकाळी, टायर गार असताना."

"पुढं चाळीस, मागं पंचावन्न, टायर गार." मोठ्याबाईंनी ते सगळ्यांदेखत तीनदा म्हटलं, शाळेतल्या पोरीसारखं, बोट हलवत. तिसऱ्या खेपेला त्यांचं लक्ष मिस्त्रीकडे गेलं.

"हसतोस काय रे? तूही म्हण."

मिस्त्री म्हणाला. मग फुग्या म्हणाला. आणि मालकांनी जरा आढेवेढे घेतले, पण आई बघत होती, तेव्हा त्यांनीही म्हटलं.